फुगलेली बॅटरी

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मोबाईलची पाठ फुगली. आधी वाटलं, कव्हर सैल झालंय. मग टेबलावर ठेवला की तो भोवऱ्यासारखा फिरायला लागला. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने तो डोळ्यासमोर आडवा धरून पाहिला आणि विचारलं, "हा उशाशी घेऊन झोपता?"

झोपत होतो.

बॅटरीतला द्रव बिघडला की त्याचा वायू होतो आणि पाकीट फुगतं, हे मला त्याच्याकडून कळलं. तो द्रव पेट घेणारा असतो, हेही. त्या रात्रीपासून मी या बॅटरीचा इतिहास वाचतोय. मला वाटलं होतं, एका शोधातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी चढती कमान असेल. प्रत्यक्षात निघाली आगीची गोष्ट.

सुरुवात तेलाच्या कंपनीत होते. सत्तरच्या दशकात तेल संपेल या धास्तीने अमेरिकेतल्या एक्सॉनने इतर ऊर्जेवर पैसा लावला होता. तिथे स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड नावाचा पदार्थ हेरला. त्याच्या अणूंचे थर एकावर एक रचलेल्या पापडांसारखे असतात आणि मधल्या फटींत लिथियमचे आयन शिरू शकतात, परत बाहेरही येऊ शकतात. पापड मोडत नाहीत. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी म्हणजे मुळात एवढंच: आयनांची ये-जा. दुसऱ्या टोकाला त्यांनी शुद्ध लिथियम धातू ठेवला. सगळ्यांत हलका धातू, इलेक्ट्रॉन सोडून द्यायला कायम उतावीळ. दोन व्होल्टांहून थोडी जास्त वीज मिळाली.

पण बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज केली की धातूवर लिथियमच्या बारीक मिशा उगवायच्या. त्या वाढत समोरच्या टोकाला टेकल्या की शॉर्टसर्किट, आणि मग स्फोट. प्रयोगशाळेत अग्निशामक दलाला इतक्यांदा यावं लागलं, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे तुमच्याकडून घेऊ, अशी तंबी त्यांनी दिली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेल स्वस्त झालं आणि एक्सॉनने काम गुंडाळलं. आगीपुढे नाही, तेलाच्या भावापुढे.

तिकडे ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ होते. तरुणपणी महायुद्धातून परतून शिकागोला भौतिकशास्त्र शिकायला गेले, तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकाने या वयात कसलं भौतिकशास्त्र असं सुनावलं होतं. वय होतं तेवीस-चोवीस! त्याच माणसाने 1980 साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की सल्फाइडऐवजी कोबाल्ट ऑक्साइड वापरलं तर चार व्होल्ट मिळतात. पण मला व्होल्टांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या पदार्थात लिथियम आधीपासूनच बसलेलं असतं. म्हणजे समोरच्या टोकाला धातूचं लिथियम ठेवायची गरजच उरत नाही. आग लावणारा पाहुणा घरात घ्यायलाच नको.

ही गोष्ट कामी आणली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी. 1982 च्या शेवटी त्यांनी प्रयोगशाळेची वर्षअखेरची साफसफाई केली आणि मग वाचायचे राहून गेलेले निबंध हातात घेतले. त्यात गुडइनफ यांचा निबंध होता. (आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत जुनी बिलं सापडतात.) त्यांनी समोरच्या टोकाला कार्बनचा पदार्थ, पेट्रोलियम कोक, वापरला. लिथियम आता फक्त आयनांच्या रूपात, इकडून तिकडे. मग स्फोटकांची चाचणी घेण्याची जागा उसनी घेऊन त्यांनी बॅटरीवर लोखंडाचं वजन टाकलं. काही झालं नाही. लिथियम धातूच्या बॅटरीवर तेच वजन टाकलं, तर मोठा स्फोट झाला. 'बॅटरीचा जन्म' म्हणून मला हाच क्षण पटतो. योशिनोही तसंच म्हणतात.

ज्यांनी धातू सोडला नाही, त्यांचं काय झालं? मोली एनर्जी या कॅनडातल्या कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या जपानमध्ये मोबाईलमध्ये होत्या. 1989 मध्ये त्या पेटल्या, माल परत मागवावा लागला, कंपनी दिवाळखोरीत गेली. दोनच वर्षांनी, 1991 मध्ये, सोनीने धातू नसलेली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आपल्या खिशात तिचीच नातवंडं आहेत.

2019 मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. नोबेल मिळालेले सर्वांत वयस्कर. त्यांच्या वतीने स्टॉकहोमला व्याख्यान दिलं ते मूळचे तामिळनाडूचे अरुमुगम मंथिराम यांनी. टेक्ससमध्ये दोघे एकत्र काम करत. कोबाल्टऐवजी स्वस्त लोखंड चालवता येईल, या वाटेवरचं सुरुवातीचं काम या दोघांचं. 1997 मध्ये गुडइनफ यांच्याच गटातून लिथियम आयर्न फॉस्फेट आलं, त्या निबंधावर पाधी आणि नंजुंडस्वामी अशी आपल्याकडची नावं आहेत. हा पदार्थ तापला तरी सहजासहजी ऑक्सिजन सोडत नाही, म्हणून कमी भडकतो. त्याच आकारात वीज मात्र थोडी कमी मावते. प्रत्येक वेळी असंच दिसतं: सुरक्षित व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतं.

आणि गंमत म्हणजे, सध्या सगळी धडपड सोडलेलंच परत मिळवायची चालू आहे. द्रव काढून त्या जागी घन पदार्थ भरायचा, म्हणजे मिशांना अटकाव होईल आणि हकालपट्टी झालेला लिथियम धातू पुन्हा आत घेता येईल. मोठमोठ्या वाहन कंपन्या यामागे आहेत. चाळीस वर्षांनी गाडी पुन्हा व्हिटिंगहॅमच्या दारात! दुसरी वाट लिथियमच सोडायची. पुण्यात केपीआयटीने आयसरच्या साथीने तयार केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये मांडलं. सोडियम म्हणजे मिठातलं. वजनाला जड, पण मुबलक. मला ही वाट जास्त आवडते, कारण मला बॅटरी लागते ती महागड्या गाडीसाठी नाही.

माझा मावसभाऊ घरोघरी पार्सलं पोचवतो. भाड्याच्या इ-स्कूटरची बॅटरी काढून तो रात्री खोलीत चार्जिंगला लावतो. 2022 मध्ये देशात इ-स्कूटरी पेटल्या, एक पुण्यात रस्त्याकडेला उभी असतानाच, तेव्हा सरकारने बॅटऱ्यांच्या चाचणीचे नियम कडक केले. पण त्याची बॅटरी त्याआधीची की नंतरची, हे त्याला ठाऊक नाही. भाड्याने देणाऱ्यालाही नाही.

फोन फुगल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, झोपताना लावू नकोस. आणि दाराजवळ तर मुळीच नको. पेटली तर बाहेर कुठून पडशील?"

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दिवसा मी स्कूटरवर असतो रे. आणि खोलीत प्लग एकच आहे. दाराजवळ."

गेल्या रविवारी मी बारा फुटांची जाड वायर घेऊन गेलो. आता बॅटरी खिडकीखाली, उघड्या फरशीवर असते. तो अजून रात्रीच चार्ज करतो. पहाटे तीनचा गजर लावून उठतो आणि हात लावून बघतो, गरम झालीय का.