महासाथ आणि स्त्रियांची आरोग्यसेवा : अहिल्यानगर जिल्हा

महासाथीच्या काळात तपासणी, उपचार, लस आणि नित्याची आरोग्यसेवा मिळण्यात स्त्री-पुरुषांमध्ये पडणारी तफावत. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांपासून जामखेडच्या कोरडवाहू गावांपर्यंत दवाखाना गाठायला गाडी, पैसा आणि सोबत लागते. कोविड-१९ च्या साथीत या तिन्हींची अडचण बायकांना अधिक जाचली.

कारणे : मार्च २०२० च्या टाळेबंदीत एसटी थांबली. आरोग्ययंत्रणा साथीकडे वळल्याने गरोदरपणातील तपासण्या व कुटुंबनियोजनाच्या सेवा विस्कळीत झाल्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर स्त्रीची नोंद गावच्या आशाताईंकडे असते, मुक्काम मात्र कारखान्याच्या तळावर. त्यामुळे तिची तपासणी एरवीही चुकते. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. स्तनदा मातांना मे महिन्यात, तर गरोदर स्त्रियांना जुलैमध्ये परवानगी मिळाली. १८ ते ४४ वयोगटासाठी सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. स्वतः वापरता येईल असा मोबाइल मात्र देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९–२१).

सेवेचा भार : घरोघरचे सर्वेक्षण आशा व अंगणवाडी सेविकांनी केले. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध राज्यातील आशांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला.

परिणाम : नोंदलेल्या कोविडमृत्यूंत पुरुष अधिक होते, मागे राहिलेल्या विधवांवर कर्ज व उपचारांची बिले आली. अकोले येथील कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. अशा स्त्रियांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले.

जामखेडचा अनुभव : डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. बाळंतपण, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांची पहिली दखल त्या घेत. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखान्यापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या बाईच्या दारी तिच्या ओळखीची, प्रशिक्षित बाई पोहोचली, तर ही तफावत कमी होते, हे या जिल्ह्याने साथीच्या अर्धशतक आधीच दाखवले होते. पुढच्या साथीच्या तयारीत अशा सेविकांना पुरेसे वेतन व संरक्षण, साथीतही अखंड चालणारी प्रसूतिसेवा आणि स्त्री-पुरुषवार, तालुकावार नोंदी यांना पहिले स्थान हवे.