खटला कोणत्या न्यायासनापुढें?

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी या गांवीं १६ ऑगस्ट १९४२ रोजीं पोलीस ठाण्यापुढें जें घडलें, तें महाराष्ट्रास सुविदित आहे. निदर्शक व पोलीस या दोन्ही पक्षांचीं माणसें त्या दिवशीं प्राणांस मुकलीं. पुढें आष्टीच्या आणि चांदा जिल्ह्यांतील चिमूरच्या आरोपींवर विशेष न्यायाधीशांपुढें खटले चालले. कित्येकांस फांशीची शिक्षा झाली, व मोठ्या चळवळीनंतर १९४५ सालीं उरलेल्या फांशीच्या शिक्षा जन्मठेपेंत बदलण्यांत आल्या. त्या वीरांची स्मृति आपण जपतों. परंतु ज्या कायद्यानें हीं न्यायालयें निर्माण झालीं, त्याची कथा फारशी सांगितली जात नाहीं. तीच येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

हा कायदा म्हणजे १९४२ चा दुसरा वटहुकूम. तो चळवळीच्या पूर्वींच, जानेवारींत, निघाला होता. कोणता खटला विशेष न्यायालयाकडे द्यावयाचा, हें सरकारनें अथवा त्याच्या अधिकाऱ्यानें ठरवावें, आणि हायकोर्टानें मध्यें पडूं नये, अशी त्याची योजना होती. म्हणजे एकाच गुन्ह्याच्या दोन आरोपींपैकीं एकास सेशन कोर्ट व अपील मिळावें, आणि दुसऱ्यास तें मिळूं नये, हें सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहिलें. जेथें मान फांसांत अडकावयाची, तेथें हा भेद लहान म्हणतां येणार नाहीं.

४ जून १९४३ रोजीं फेडरल कोर्टानें बनवारीलाल शर्मा यांच्या खटल्यांत बहुमतानें ही योजना बेकायदेशीर ठरविली. दुसऱ्याच दिवशीं नवा वटहुकूम निघाला! जुना रद्द झाला, अपिलाची वाट उघडली, परंतु झालेल्या शिक्षा मात्र कायम राहिल्या. १९४४ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलनें फेडरल कोर्टाचा निर्णयही फिरविला. त्या काळीं प्रश्न एवढाच होता कीं, सत्ता कोणाच्या हातीं आहे. ती न्यायानें वापरली कीं नाहीं, हें विचारण्यास आधारभूत असें मूलभूत हक्कांचें कलम नव्हतें.

तें कलम १९५० सालीं राज्यघटनेनें दिलें. त्याच वर्षीं पश्चिम बंगालनें जवळजवळ त्याच धर्तीचा विशेष न्यायालयांचा कायदा केला. ११ जानेवारी १९५२ रोजीं अन्वर अली सरकार यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या सातांपैकीं सहा न्यायाधीशांनीं सरकारचें अपील फेटाळलें. त्या सहांत व्हिव्हियन बोस हे होते. आष्टीचें प्रकरण घडलें तेव्हां ते नागपूर हायकोर्टांत न्यायाधीश होते. वर्गीकरणाचें सूत्र त्यांस पुरेसें वाटलें नाहीं. लोकशाहींतील समंजस माणसांस ही वागणूक न्याय्य वाटेल काय, असा त्यांचा प्रश्न होता.

या तत्त्वासही मर्यादा आहे. त्याच वर्षीं सौराष्ट्रांतील तशाच एका वटहुकुमास न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं मान्यता दिली, कारण त्याचा हेतु व क्षेत्र स्पष्ट होतें, असें बहुमत पडलें. बोस विरोधी मतांत राहिले. म्हणून विशेष न्यायालय हें नेहमींच अन्याय्य असतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एखाद्या भयंकर गुन्ह्यानें लोक खवळले असतां वेगळ्या न्यायालयाची मागणी होते, तेव्हां आरोपी कोणत्या नियमानें निवडले जाणार, हें सुज्ञ नागरिकानें प्रथम विचारावें. आष्टीच्या तरुणांस तो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपणांस ती आहे.