रबरी मोज्याची कुळकथा

बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल मे 1889 मध्ये सुरू झालं. तिथे शस्त्रक्रियेला उभं राहायचं तर आधी हातांचे हाल करून घ्यावे लागत. साबणानं खसाखसा घासून झालं की हात पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवायचे. त्याचे डाग घालवायला गरम ऑक्झॅलिक ॲसिड. आणि सगळ्यात शेवटी हजारात एक भाग मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे चक्क पाऱ्याचं विष. जंतू मरत, पण कातडीही सोलवटून निघे.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर युरोपात मिळालं होतं. व्हिएन्नात शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना इग्नाझ सेमेलवाइसनं 1847 मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वरानं होणारे मृत्यू धाडकन खाली आले. पुढे 1867 मध्ये जोसेफ लिस्टरनं जखमेवर आणि हत्यारांवर कार्बोलिक ॲसिड वापरायची पद्धत मांडली. दोघांचीही मदार रसायनावर होती. हात उघडाच राहणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं.

हात झाकायची कल्पना तशी नवी नव्हती. जर्मन डॉक्टर योहान वालबाउम यांनी 1758 मध्येच स्त्रीरोगाच्या तपासणीसाठी मेंढीच्या आतड्याचा मोजा वापरला होता. चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये रबरात गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली. उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारं रबर त्यामुळे वापरण्याजोगं झालं, आणि शवविच्छेदन करणारे काही डॉक्टर जाडजूड रबरी मोजे घालू लागले. पण ते स्वतःला मृतदेहापासून वाचवण्यासाठी. तसल्या मोज्यांनी जिवंत माणसाच्या पोटातली शीर चाचपता येणं शक्यच नव्हतं.

हॉपकिन्समध्ये ऑपरेशन थिएटरची मुख्य परिचारिका होती कॅरोलाइन हॅम्प्टन. दक्षिण कॅरोलायनाच्या एका मातब्बर घराण्यातली ही मुलगी न्यूयॉर्कला नर्सिंग शिकून आलेली. 1889-90 च्या हिवाळ्यात पाऱ्याच्या द्रावणानं तिचे हात आणि बाहू फुटले, चट्टे उठले. काम सोडायची पाळी आली. सर्जन विल्यम हॉलस्टेड यांना इतकी कामसू सहकारी गमवायची नव्हती. न्यूयॉर्कला गेले असताना त्यांनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराच्या, मनगटाच्या वरपर्यंत येणाऱ्या मोज्यांच्या दोन जोड्या करून द्यायला सांगितल्या. (टायरवाली गुडइयर ती ही नव्हे. ती 1898 मध्ये निघाली.) मोजे उपयोगी पडले, आणखी मागवले गेले. जून 1890 मध्ये हॉलस्टेड आणि हॅम्प्टन यांचं लग्न झालं. तिनं नोकरी सोडली. मोजे मात्र थिएटरमध्ये राहिले.

ही प्रेमकथा सगळे सांगतात, त्यापुढचं सहसा कुणी सांगत नाही. लग्नानंतरही कित्येक वर्षं त्या हॉस्पिटलात मोजे वापरत ते मुख्यतः हत्यारं हाती देणारे सहायक, आणि तेही हत्यारं ज्या कार्बोलिक ॲसिडमध्ये बुडवलेली असत त्यापासून बचाव म्हणून. खुद्द सर्जन कधी घालत, कधी नाही. मोज्यानं रोगी वाचतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. हॉलस्टेड यांचेच शिष्य जोसेफ ब्लडगुड 1896 पासून नेमानं मोजे घालून शस्त्रक्रिया करू लागले. 1899 मध्ये त्यांनी साडेचारशेहून अधिक हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब छापला. मोजे आल्यापासून जखमा चिघळण्याचं प्रमाण झपाट्यानं घटलं होतं. मोजे डोळ्यांसमोर असून त्यांची गरज आपल्याला इतकी वर्षं दिसली कशी नाही, याचं नवल पुढे हॉलस्टेड यांनी स्वतःच लिहून ठेवलं. त्याच सुमारास ब्रेस्लाउला सर्जन योहान मिकुलिच वाफेनं निर्जंतुक केलेले सुती मोजे घालत आणि भिजले की एकाच शस्त्रक्रियेत पुन्हा पुन्हा बदलत. रबर पाणी अडवतं, सूत अडवत नाही. त्यामुळे शेवटी टिकलं ते रबर.

रबर टिकलं, पण फेकून द्यायचं नाही. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत ग्लोव्हज धुऊन पुन्हा वापरायची पद्धत 1990 च्या दशकापर्यंत सर्रास होती. थिएटरच्या मावशी वापरलेले ग्लोव्हज साबणानं धुवायच्या, उलटे करून पुन्हा धुवायच्या आणि दोरीवर वाळत घालायच्या. मग त्यांत हवा भरून, सायकलची ट्यूब तपासावी तसे पाण्यात दाबायच्या. बुडबुडा आला तर तो ग्लोव्ह बाद. उरलेल्यांना पावडर चोळायची, साडेसहा-सात-साडेसात अशा मापांप्रमाणे जोड्या लावायच्या, फडक्यात गुंडाळून ड्रममध्ये भरायच्या आणि ड्रम वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला पाठवायचा.

त्या पावडरीनंही पुढे त्रास दिला. मोजा चटकन चढावा म्हणून आधी टाल्क असे. ते जखमेत सांडून पोटात गाठी होतात आणि आतडी एकमेकांना चिकटतात हे कळल्यावर मक्याचा स्टार्च आला. स्टार्चबरोबर रबरातली प्रथिनं हवेत उडतात आणि ॲलर्जी असलेल्यांना दमा होतो, हे त्यानंतर कळलं. अमेरिकेनं जानेवारी 2017 पासून पावडरवाल्या वैद्यकीय मोज्यांवर बंदीच घातली. लॅटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या, जोडीला नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे रुळले ते बरेचसे या ॲलर्जीमुळे.

1980 च्या दशकात मोजा थिएटरबाहेर पडला. एचआयव्ही रक्तातून पसरतो आणि रोग्याकडे बघून तो ओळखता येत नाही, हे स्पष्ट झालं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 1987 मध्ये नियम घालून दिला: प्रत्येकाच्या रक्ताकडे संसर्ग असल्यासारखंच पाहा. तेव्हापासून रक्त काढणारा, ड्रेसिंग करणारी, फरशीवरचं रक्त पुसणारा असे सगळेच मोजे घालू लागले. शंभराच्या खोक्यातले हे मोजे निर्जंतुक नसतात. थिएटरचे निर्जंतुक, जोडीनं वेगळ्या पाकिटात येतात. ते घालताना दुमडलेली आतली कडाच उघड्या बोटांनी धरायची, बाहेरच्या बाजूला बोट लागलं की जोडी टाकून द्यायची.

मोजा आता दोन्ही बाजू राखतो, पण बदलला तरच. एकाच मोज्यानं चार खाटांवरचे रोगी तपासले तर वाचतो फक्त मोजा घालणारा. जंतू एका खाटेवरून दुसरीकडे जातातच. शिवाय मोज्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, काढताना मनगटाला घाण लागते. म्हणून घालण्याआधी आणि काढल्यावर हात धुवायचेच. वापरलेला मोजा लाल पिशवीत, हे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी ठरवून दिलं आहे.

फेकायची वस्तू म्हटली की पैशाचा प्रश्न आला. भारतात पहिले एचआयव्हीबाधित सापडले ते वर्ष 1986, आणि सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम ही आरोग्यविमा पॉलिसी आणली तेही 1986. कॅशलेसमध्ये, म्हणजे बिल विमा कंपनीनं थेट चुकवायच्या सोयीत, हॉस्पिटलातलं विम्याचं काम पाहणारं टीपीए डेस्क आधी खर्चाचा अंदाज मंजूर करून घेतं आणि डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिल कंपनीकडे जातं. तिथून ते परत येतं कात्री लागून. अनेक पॉलिसींच्या शेवटी 68 वस्तूंची ‘न मिळणाऱ्या’ खर्चाची यादी असते. तीत डायपर, टेलिफोन, मिनरल वॉटर यांच्या पंगतीला ग्लोव्हज आणि मास्क बसवलेले असतात. कंपनी म्हणते, हा खर्च पॉलिसीत बसत नाही. हॉस्पिटल तो नगावारी बिलात लावतं. मधल्या मध्ये कॅश काउंटरवर पैसे भरतो रोग्याचा नातेवाईक.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांची रीत वेगळी. तिथे एका उपचाराला एक ठरावीक पॅकेज, औषधं आणि साहित्य सगळं त्यातच. या दोन्ही रीतींना आपापलं आमिष आहे. नगावर पैसे मिळतात तिथे आकडा फुगवायचा मोह, पॅकेजमध्ये साहित्य वाचवायचा. मोजा पैशापैशानं मोजायला घेतला की दोन्हींतला एक मोह जागा होतोच. थिएटरमधल्या दिव्याचं वेगळं बिल कुणी लावत नाही, कारण दिव्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही. मोज्याशिवाय तरी कुठे होते? त्याची जागा शस्त्रक्रियेच्या दरातच आहे, आणि तो दर भरणाऱ्यानं त्यात किती मोजे धरलेत हे तपासायला हवं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पॉलिसी घेताना ‘कन्झ्युमेबल्स’चं, म्हणजे मोज्यांसारख्या वापरून फेकायच्या वस्तूंचं, जादा कव्हर मिळतं का आणि त्याचा हप्ता किती, हे विचारून घ्यावं. आणि शेजारच्या खाटेवरून कुणी थेट आपल्या माणसाच्या ड्रेसिंगला हात घालू लागलं, तर ‘सिस्टर, ग्लोव्हज बदलता का?’ असं बेलाशक म्हणावं.