शब्दसूचीत न मावलेले मन

सन १७७७ च्या जानेवारी महिन्यात कॅप्टन कुकची दोन गलबते टास्मानियाच्या दक्षिणेकडील ब्रूनी बेटाच्या आश्रयास नांगर टाकून उभी होती, तेव्हा त्यांवरील विल्यम अँडरसन नावाच्या शल्यवैद्याने किनाऱ्यावर भेटीस आलेल्या तद्देशीय मंडळींच्या तोंडचे काही शब्द आपल्या टिपणात उतरून घेतले. स्त्री, डोळा, नाक, दात, कान, एक लहानसा पक्षी, अंगावर मुद्दाम उठविलेले व्रण, खाणे, अशी ती जेमतेम नऊ-दहा शब्दांची यादी आहे. आणि तिच्यात 'मला आता निघाले पाहिजे' अशा अर्थाचा एक उद्गारही आहे. बोट दाखवून विचारता येईल तेवढेच त्या वैद्याने विचारले, यात त्याचा दोष नाही. चार दिवसांच्या मुक्कामात परक्या मनुष्यास याहून अधिक काय साधणार? तथापि बोलणाऱ्याच्या मनातला म्हणून जो एकच अंश त्या यादीत उतरला, तो निघून जाण्याच्या इच्छेचा होता, ही गोष्ट पुढील शतकाचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही.

त्या माणसांचे वंशज आज स्वतःस पालावा म्हणवितात, आणि गेली तीसएक वर्षे 'पालावा कानी' या नावाने जी भाषा ते पुन्हा उभी करीत आहेत, तिच्यात त्यांना आपल्या मुलांना जोजवावयाचे आहे, पाहुण्यांचे स्वागत करावयाचे आहे, आणि आपल्या मृतांना निरोप द्यावयाचा आहे. परंतु या कार्यासाठी त्यांच्या हाती आलेली सामग्री कोणी गोळा केली होती? वैद्याने, वनस्पतिशास्त्रज्ञाने, सरकारी नोकराने, आणि लोकांना त्यांच्या मुलखातून हलविण्याच्या कामगिरीवर निघालेल्या धर्मनिष्ठ गृहस्थाने. राग, माया, लाज, विरह यांची नोंद करण्याची सवड किंवा अगत्य त्यांच्यापैकी फार थोड्यांना होते. आणि ज्यांना ते होते, त्यांनी ती नोंद केली तेव्हा सांगणाऱ्यांच्या भोवती मृत्यूचे थैमान चालले होते.

हिमयुगाच्या अखेरीस समुद्र चढला आणि बासच्या सामुद्रधुनीने टास्मानियास ऑस्ट्रेलियाच्या भूमीपासून तोडले, त्यानंतर दहा हजारांच्या आसपास वर्षे हे बेट आपल्यापुरते जगले. त्यावर एकच भाषा नव्हती. भाषा किती होत्या याविषयी विद्वानांत मतभेद असून आठ ते बारा असा अंदाज बहुधा मानला जातो, आणि एका टोकाच्या लोकांस दुसऱ्या टोकाच्या लोकांचे बोलणे समजत नसे. १७९३ साली दांत्रकास्तो याच्या फ्रेंच मोहिमेतील लाबियार्दिएर याने रशेर्श उपसागराच्या काठी तेथील कुटुंबांच्या सहवासात काही दिवस काढले. त्याच्या वृत्तान्तात हास्यविनोद आहे, मुलांची खोडकर लगट आहे, परस्परांविषयी निर्मळ कुतूहल आहे. या साऱ्या इतिहासातील इतका प्रसन्न भाग दुसरा नाही, आणि म्हणूनच तो वाचताना जीव हळहळतो. कारण दहाच वर्षांनी, १८०३ साली, रिझ्डन कोव्ह येथे इंग्रजांचा अंमल बसला आणि पुढल्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच ठिकाणी मूलवासीयांवर गोळीबार झाला.

नंतरच्या पाव शतकाचा तपशील येथे देत नाही. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनी गेल्या, शिकारीचे रान गेले, बायकामुले पळविली गेली, आणि दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. १८२८ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जॉर्ज आर्थर याने लष्करी कायदा पुकारला. मात्र याच गव्हर्नराच्या एका उपक्रमाचा उल्लेख आमच्या विषयाशी निकट आहे. ज्या प्रजेवर तो सत्ता गाजवीत होता, तिच्याशी बोलण्यास त्याच्या दफ्तरी भाषाच नव्हती. म्हणून लाकडी फळ्यांवर चित्रे रंगवून त्या रानात झाडांना टांगण्यात आल्या. फळीवर चार पट्टे आहेत: वरच्यात काळी व गोरी माणसे हातात हात घालून, मुले कडेवर घेऊन उभी, दुसऱ्यात गव्हर्नराशी हस्तांदोलन, तिसऱ्यात गोऱ्यास भाल्याने मारणारा काळा मनुष्य फासावर, आणि चौथ्यात काळ्यास गोळी घालणारा गोरा फासावर. त्या मुलखात मूलवासीयाच्या वधाबद्दल एकही गोरा प्रत्यक्षात फासावर गेला नाही. चौथा पट्टा खोटा ठरला. आणि भाषेवाचून दिलेल्या त्या जाहीरनाम्याला उत्तर देण्याचा मार्ग तर वाचणाऱ्यांना ठेवलेलाच नव्हता. १८३० साली दोन हजारांहून अधिक माणसांची साखळी करून बेट विंचरण्यात आले, आणि त्या अवाढव्य खटाटोपात हाती लागली ती दोन माणसे.

जे सैन्याला जमले नाही ते जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन याने जमविले. हा मूळचा लंडनचा बांधकाम करणारा मनुष्य. १८२९ मध्ये ब्रूनी बेटावर नेमणूक झाल्यावर तो तेथील बोली शिकला, आणि त्रुगानिनी ही मूलवासी स्त्री व तिच्यासारखी इतर मंडळी यांना सोबत घेऊन पुढील पाच वर्षे रानोमाळ हिंडत त्याने उरलेल्या टोळ्यांना संरक्षणाचे आश्वासन देऊन बाहेर आणले. त्याच्या रोजनिशीची पाने आज सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात आहेत, एन. जे. बी. प्लॉम्ली याने ती १९६६ साली छापून प्रसिद्ध केली, आणि १९७६ साली सर्व संग्राहकांचे शब्द एकत्र करून त्यांची स्वतंत्र सूची सिद्ध केली. रॉबिन्सनच्या हातून घडलेल्या अनर्थाविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु इतर याद्यांत शब्द सुटे पडलेले आहेत, आणि त्याच्या रोजनिशीत ते प्रसंगाच्या पोटात येतात, हेही मान्य केलेच पाहिजे. रात्री शेकोटीभोवती कोणी गाइले, कोणाच्या मृत्यूनंतर कोणी आक्रोश केला, आप्ताची अस्थी गळ्यात बांधून दुखण्यावर उतारा कसा शोधला, हे त्याने त्या त्या दिवशी लिहिले. मनाचा व्यवहार अशा ठिकाणीच सापडावयाचा.

आणलेल्या सुमारे दोनशे माणसांना फ्लिंडर्स बेटावरील वायबलेना या वसाहतीत ठेवण्यात आले. तेथे रॉबिन्सनने त्यांची नावे बदलली. त्रुगानिनीला मिळालेले नाव होते लाला रूख: टॉमस मूरच्या काव्यातील औरंगजेबाच्या कन्येचे! ज्या बादशहाची कबर आमच्या खुलदाबादेत आहे, त्याच्या कविकल्पित मुलीचे फारसी नाव दक्षिण गोलार्धातल्या एका निर्वासित स्त्रीच्या माथी यावे, याहून परकेपणाची परिसीमा कोणती? त्याच सुमारास, १८३१ साली, त्याच साम्राज्याचा एक लष्करी अधिकारी मोल्सवर्थ मुंबईत मराठीचा कोश छापीत होता. शास्त्री मंडळी हाताशी घेऊन त्याने शिव्याशापांपासून लाडिक संबोधनांपर्यंत जे जे लोकांच्या तोंडी होते ते टिपले, कारण ते बोलणारे लक्षावधी लोक आपापल्या घरी नांदत होते. वायबलेनात शब्द सांगणारे लोक एकामागून एक मरत होते. त्या वसाहतीत १८३६-३७ मध्ये रॉबिन्सनच्या देखरेखीखाली निघालेल्या हस्तलिखित वृत्तपत्रात टॉमस ब्रून या तरुणाने आपल्या माणसांच्या मरणाविषयी आणि येथून सुटका व्हावी या तळमळीविषयी लिहिले. १८४६ साली आठ जणांनी राणी व्हिक्टोरियास अर्ज केला. हे दोन्ही लेख इंग्रजीत आहेत. एका पिढीच्या आत दुःखाला परक्याच्या भाषेत वाट काढावी लागली, आणि ती त्यांनी धैर्याने काढली. १८४७ मध्ये त्यांना ऑयस्टर कोव्ह येथे हलविले, तेव्हा सत्तेचाळीस जण उरले होते.

या उरलेल्यांचा वैद्य व अधीक्षक जोसेफ मिलिगन याने त्यांच्या बोलींचा मोठा शब्दसंग्रह केला. मिळालेला प्रत्येक शब्द अनेकांपुढे ठेवून तो पडताळून घेई, हे त्याचे श्रेय. परंतु त्यासोबत त्याने असाही अभिप्राय दिला की या लोकांजवळ अमूर्त कल्पनांचे शब्द नाहीत; कठीण म्हणावयाचे तर ते दगडासारखे म्हणतात, वाटोळे म्हणावयाचे तर चंद्रासारखे. युरोपातील पंडितांनी हे वाक्य अनेक वर्षे उचलून धरले आणि त्यावर आदिमानवाच्या बुद्धीविषयी मनोरे रचले. मला हा निष्कर्ष सर्वथा अग्राह्य वाटतो. चाळीस-पन्नास शोकग्रस्त माणसे, निरनिराळ्या भाषांची, बंदिवासात एकत्र कोंडलेली, आपसांत मोडक्या इंग्रजीवर वेळ निभावणारी; आणि त्यांना विचारणारा कोण, तर त्यांच्यावर नेमलेला सरकारी अंमलदार. अशा अंमलदारापुढे कोणी आपले अंतःकरण उघडे करील काय? संग्रहात जे आले नाही ते भाषेत नव्हतेच, असे अनुमान काढण्यास कोणताही आधार नाही.

१८७६ च्या मे महिन्यात त्रुगानिनी वारली, आणि तिच्याबरोबर ही जमात संपली असे सरकारने व वृत्तपत्रांनी जगास सांगितले. तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत लोकांना दाखविला जात होता, आणि १९७६ साली तो चितेस मिळाला. जमात संपली हे विधान खोटे होते. बासच्या सामुद्रधुनीतील बेटांवर सीलच्या शिकाऱ्यांनी नेलेल्या स्त्रियांची मुले-नातवंडे नांदत होती, आणि त्यांच्या घरगुती बोलण्यात जुने शब्द टिकून होते. शिवाय फॅनी कॉक्रेन स्मिथ हयात होती. १८३४ साली वायबलेनात जन्मलेल्या या स्त्रीस सरकारने वर्षासन लावून दिले होते, पुढे ५० पौंडांपर्यंत ते वाढविले, आणि ३०० एकर जमीनही दिली. निकल्स रिव्ह्युलेट येथे तिने अकरा मुलांचा संसार केला. १८९९ मध्ये आणि पुन्हा १९०३ मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर तिचे गाणे व बोलणे उतरविण्यात आले. त्यांत एक वसंताचे गीत आहे. आपलाच आवाज यंत्रातून परत ऐकू आला तेव्हा तो आपल्या आईचा वाटून ती रडू लागली, असे सांगतात. टास्मानियाच्या मूळ भाषांचा प्रत्यक्ष ध्वनी म्हणून जगात एवढेच उरले आहे; आणि लिखित याद्यांत शब्द हजारोंनी असले, तरी ते बोलताना स्वर कोठे चढत असे आणि कोठे ओलावत असे, हे सांगणारा साक्षीदार हाच एक.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी टास्मानियन ॲबोरिजिनल सेंटर या संस्थेने भाषेच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले, तेव्हा कोणतीही एक बोली समग्र उभी राहील इतकी सामग्री नव्हती, म्हणून सर्वांतून मिळून एक भाषा सिद्ध करण्याचे ठरले. त्या कामाची रीत मोठी चिकाटीची आहे. तोच शब्द रॉबिन्सनने लंडनच्या कानाने ऐकला, मिलिगनने स्कॉटिश कानाने, जॉर्गन जॉर्गन्सन या आणखी एका संग्राहकाने डॅनिश आणि लाबियार्दिएरने फ्रेंच कानाने. प्रत्येकाने आपापल्या लेखनपद्धतीप्रमाणे अक्षरे मांडली. म्हणजे आधी लिहिणाऱ्याचा स्वतःचा उच्चार कसा होता ते ठरवावयाचे, मग त्याची अक्षरे त्या उच्चाराने वाचावयाची, चौघांची वाचने शेजारी ठेवावयाची, आणि त्यांच्या मीलनबिंदूवर मूळ ध्वनी शोधावयाचा. तो सापडल्यावर फॅनीच्या ध्वनिमुद्रणाशी आणि बेटांवरील वृद्धांच्या स्मरणाशी ताडून पाहावयाचा. जेथे चार कागद चार गोष्टी सांगतात, तेथे दिवसेंदिवस एका स्वरावर अडून राहावे लागते.

अशा भाषेला कृत्रिम म्हणणारे लोक आहेत. तिचे व्याकरण बरेचसे अनुमानाने सिद्ध करावे लागले, हे खरे. पण भावना व्यक्त करणे म्हणजे भावनांच्या नामांची यादी पाठ करणे, असे मानल्यामुळेच हा आक्षेप वजनदार वाटतो. मनुष्य आपले प्रेम 'प्रेम' हा शब्द उच्चारून क्वचितच सांगतो; तो ते हाक मारण्यात सांगतो, 'आलास का' म्हणण्यात सांगतो, आभार मानण्यात आणि निरोप घेण्यात सांगतो. पालावा मुले भेटल्यावर 'या' म्हणतात, आल्यागेल्याचे 'या पुलिंगिना' असे स्वागत करतात, 'नायरी निना-तू' म्हणून कृतज्ञता व्यक्त करतात. आणि हे शब्द त्यांना पुस्तकातल्या व्याख्येतून नव्हे, आजी, मावशी, शेजारी यांच्या तोंडून त्या त्या प्रसंगी मिळतात. पुनःपुन्हा वापरल्याने शब्दाला ऊब येते. दोनशे वर्षांपूर्वीच्या वक्त्याच्या मनात तो नेमका कोणत्या छटेने होता हे कळणार नाही; आजच्या वक्त्याच्या मनात तो कोणत्या छटेने आहे हे मात्र त्याच्या कुटुंबास चांगले कळते.

जेनिफर केंट हिने २०१८ साली 'द नाइटिंगेल' हा १८२५ च्या टास्मानियावरील चित्रपट काढला, तेव्हा पालावा वडीलधारे जिम एव्हरेट यांचा सल्ला घेऊन पालावा कानीचा प्रथमच मोठ्या चित्रपटात वापर झाला. त्यातील मूलवासी वाटाड्याची भूमिका करणारा बायकाली गनंबर हा दूर उत्तरेच्या आर्नहेम लँडचा. त्याची स्वतःची भाषा जिवंत व समृद्ध आहे. तरी दुसऱ्या एका लोकसमूहाची, हरवलेली आणि पुन्हा सापडलेली भाषा शिकून तीत त्याला शोक करावा लागला, गावे लागले.

हे सारे संमतीने झाले. आपली भाषा प्रथम आपल्या लोकांनी शिकावी, इतरांनी ती विचारल्यावाचून वापरू नये, असा पालावा समाजाचा आग्रह आहे. आणि ज्यांचे शब्द, नावे, अस्थी, सर्व काही न विचारता नेले गेले, त्यांच्या या आग्रहाला अतिरेक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. स्थलनामे मात्र त्यांनी आपण होऊन सर्वांना दिली आहेत: होबार्टच्या डोक्यावरील माउंट वेलिंग्टन २०१३ पासून सरकारी कागदांतही 'कुनान्यी / माउंट वेलिंग्टन' अशा जोडनावाचा झाला. १९९५ च्या कायद्याने जी भूमी परत मिळाली तीत रिझ्डन कोव्ह आहे, आणि ऑयस्टर कोव्हही आहे, ज्यास ते पुतालिना म्हणतात. तेथे दरवर्षी जानेवारीत समाज जमतो. भाषणे पालावा कानीत सुरू होतात, गाणी होतात, आणि समाजातील कोणी निवर्तले म्हणजे अंत्यविधीच्या वेळचे बोलणेही आता याच भाषेत केले जाते.