दोन बरण्या

१८१८च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि कारकून, शास्त्री, शिलेदारांची मराठी वस्ती इथे वाढली. तिच्याबरोबर गोडा मसालाही रुजला. नारळ माळव्यात होत नाही, तरी सुक्या खोबऱ्यावाचून हा मसाला होत नाही आणि मसाल्यावाचून आमटी आपली वाटत नाही.

माळव्याने आपल्याला दिले ते जीरावन: जिरे, धने, बडीशेप, सुंठ, लवंग, काळे मीठ, आमचूर. गोडा मसाला आमटीत शिजतो, जीरावन वाफाळत्या पोह्यांवर भुरभुरतात. (पोहे मूळचे कोणाचे, हा वाद इथे नको!)

अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरात दोन्ही बरण्या शेजारी असतात. जीरावन दुकानातून येते. गोडा मसाला मात्र सासूबाई पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या आधी घरीच करायच्या. तीळ-खोबरे कोरडे भाजायचे; धने, दालचिनी, लवंग, दगडफूल थोड्या तेलावर, प्रत्येक जिन्नस वेगळा. त्यांच्या वहीत लिहिले आहे, ‘नागकेशर दोन आण्यांचे’. दोन आण्यांत तेव्हा किती नागकेशर येई, हे विचारायचे राहून गेले. यंदा अर्धा चमचा घालून पाहणार आहे.