जुन्या मोटारसायकलचा भाव नेमका कोण ठरवतो?

जुनी मोटारसायकल विकायला काढली की बोलणे गाडीभोवतीच फिरते: किती किलोमीटर धावली, टायर कधी बदलले, इंजिन उघडले होते का. रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्यात खाऱ्या हवेने रिम आणि सायलेन्सर किती गंजले, हेही निरखले जाते. मात्र 'एमएच ०८' क्रमांकाच्या त्या गाडीचा भाव बऱ्याच अंशी तिच्याबाहेर ठरतो. कधी कारखान्यात, तर कधी थेट सर्वोच्च न्यायालयात.

एके काळी हे गणित उलटे होते. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर बजाजने १९७२ मध्ये 'चेतक' आणली. उत्पादनावर परवान्यांची मर्यादा आणि मागणी अफाट. नंबर लावून दहा-दहा वर्षे वाट पाहणारी कुटुंबे होती. नवी गाडी हातीच लागत नसेल, तर ती जुनीचा भाव पाडणार कशी? वापरलेली स्कूटर शोरूमच्या किमतीहून महाग विकली जाई.

१९८५ मध्ये हिरो होंडाची 'सीडी १००' आली, बजाजचा वाळूजचा कारखानाही त्याच वर्षीचा. पुरवठा वाढला, पर्याय वाढले आणि जुन्या गाडीचे हे राज्य ओसरले.

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजची 'पल्सर' आली. दोन वर्षांच्या आत, २००३ मध्ये, तिच्यात दोन स्पार्क प्लगांचे 'डीटीएस-आय' इंजिन बसले. पहिल्या पल्सरच्या मालकाची गाडी त्या दिवशी तसूभरही बिघडली नव्हती. पण ती 'आधीचे मॉडेल' झाली होती. गिऱ्हाईक वर्षाइतकेच मॉडेल विचारू लागले.

सर्वांत मोठा धक्का मात्र न्यायालयातून आला. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री बंद केली. देशभर सुमारे ८.२४ लाख वाहने पडून होती, त्यांपैकी ६.७१ लाख दुचाकी. विक्रीला उरले दोन दिवस. काही दुचाकींवर २२,००० रुपयांपर्यंत सूट जाहीर झाली आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या. (बजाजची बीएस-४ ची तयारी झाली होती, त्या कंपनीने बंदीची बाजू घेतली.) फटका बसला तो महिनाभरापूर्वी पूर्ण किंमत मोजणाऱ्याला. कोरी गाडी एवढी स्वस्त मिळत असताना त्याच्या वापरलेल्या गाडीला जुना भाव कोण देणार?

१ एप्रिल २०२० च्या बीएस-६ ने नेमके उलटे केले. फ्युएल इंजेक्शन आले, नव्या गाड्यांच्या किमती वाढल्या आणि कार्ब्युरेटरच्या गाडीला आधार मिळाला. तालुक्याच्या गावातला मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडून साफ करतो. इंजेक्शनचा दोष शोधायला बहुधा स्कॅनर लागतो. आडगावी राहणाऱ्याला हा फरक किमतीइतकाच मोलाचा वाटतो.

यामाहाची 'आरएक्स १००' तर साऱ्या नियमांना अपवाद ठरली. १९९६ मध्ये ती बंद झाली. पुढे कडक होत गेलेल्या प्रदूषण-नियमांत तशी टू-स्ट्रोक गाडी पुन्हा निघणे कठीण होते. आज तिच्या चांगल्या गाडीला शौकीन लाखावर रुपये मोजतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. यंत्रात काडीचाही बदल नाही, तरी नवी गाडी हजारो रुपयांनी उतरली; आणि आदल्या आठवड्यात जुन्या गाडीचा सौदा तोंडी ठरवून बसलेल्याला पुन्हा घासाघीस करावी लागणार, हे उघड होते.