पाट, पाटस्थळ आणि पाटदाम

जुन्या महसुली कागदांत जे शब्द वरवर सोपे दिसतात तेच वाचणारास अधिक फसवितात. 'पाट' हा त्यांपैकींच एक. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यास पाट कोणता असें विचारलें, तर तो बहुधा नीरेच्या डाव्या कालव्याकडे बोट दाखवील. पाटाला पाणी सुटलें, पाळी आली, पाटकरी येऊन गेला, हीं त्याच्या नित्याच्या बोलण्यांतील वाक्यें. परंतु हा अर्थ या भागांत इ. स. १८८५ च्या मागें नेतां येत नाहीं. १८७६ च्या दुष्काळांत या कालव्याचें काम हातीं घेतलें गेलें व १८८५ सालीं त्यांतून पाणी वाहूं लागलें.

मग त्यापूर्वींच्या कागदांतील पाट कोणता? येथील नद्यांचीं पात्रें खोल. बागाईत मुख्यतः विहिरीच्या मोटेवर. मोट थारोळ्यांत रिकामी होई आणि तेथून वाफ्यांकडे पाणी नेणारी जी मातीची चर, तिलाहि पाटच म्हणत. भावांच्या वांटणीपत्रांत विहिरीबरोबर पाटाचा उल्लेख येतो तो याच चरीचा. दुसऱ्याच्या वांट्यांतून पाणी नेण्याचा हक्क त्यांत गुंतलेला असतो. याहून निराळें 'पाटस्थळ'. ओढ्यास बांध घालून पाटानें भिजविलेली जमीन ती पाटस्थळ, मोटेनें भिजविलेली ती मोटस्थळ. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास नव्या पाहणीचा पाया इंदापूर तालुक्यांतच घातला. त्या काळच्या कागदांत पाटस्थळ दिसतांच कालव्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. पण कालवा तेव्हां पन्नास वर्षें पुढें होता.

व्युत्पत्तीच्या दृष्टीनें बसावयाचा पाट हा संस्कृत 'पट्ट' शब्दापासून आला, यांत शंका नाहीं. पट्टराज्ञीची पाटराणी त्याच वाटेनें झाली. पाण्याचा पाट मात्र आम्ही 'पाटयति', म्हणजे फोडतो, चिरतो, या क्रियापदाकडे नेऊं. जमीन चिरून काढलेली वाट ती पाट. बसावयाचा पाट व वाहता पाट हे मूळचे सोयरे नव्हेत, असें आमचें मत आहे.

आतां आमच्याच एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. काहीं वर्षांपूर्वीं इंदापुराकडील एका रुमालाची सूची करितांना 'पाटदाम' हा शब्द आम्हीं पाणीपट्टीच्या सदरांत घातला. बागाइतीचा कागद हातावेगळा करून लगेच हा घेतला होता, एवढेंच काय तें निमित्त. वस्तुतः पाटदाम हा विधवेच्या पुनर्विवाहावरील कर. ज्या जातींत पाट लावण्याची चाल होती त्यांच्याकडून सरकार तो घेई. त्याच यादींत वरच्या ओळीस 'लग्नटका' स्पष्ट लिहिलेला होता. लग्नाशेजारीं पाण्यास काय काम, हें तेव्हां सुचावयास हवें होतें, तें सुचलें नाहीं.

ही चूक केवळ शब्दाची नव्हे. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यापूर्वीं कित्येक जातींत विधवांचे पाट उघडपणें लागत, आणि सरकार त्यांची वसुली दप्तरांत मांडी, याचा हा लेखी पुरावा. असल्या पुराव्याचा शोध घेणारा अभ्यासक पाणीपट्टीचें सदर कशास उघडील? आमच्या सूचीनें तो पुरावा पाण्याखालीं घातला होता.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, 'पाट' शब्द दिसतांच मागचीपुढची बाब वाचावी. शेजारीं थळ, वाफा, मोट असल्यास पाणी; लग्नटका असल्यास विवाह. आमची सूची आम्हीं दुरुस्त केली आहे. त्याच रुमालांत एक तुकडा मात्र असा आहे कीं, त्यावर 'पाटाबद्दल' एवढींच अक्षरें राहिलीं असून पुढील कागद कसरीनें खाल्ला आहे. तो आम्हीं कोणत्याच सदरांत घातलेला नाहीं.